पेण, पेन आणि थर्माकोलचा एक डबा

मार्च महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या कोल्ड रूमची साफसफाई झाली आणि माझे बारा नमुने गेले. चोरीला गेले नाहीत, फुटलेही नाहीत. नीट ऑटोक्लेव्ह करून, अगदी नियमाप्रमाणे, फेकून देण्यात आले. थर्माकोलच्या डब्यावर मीच काळ्या मार्करने रोमन लिपीत तीन अक्षरं लिहिली होती: पी, ई, एन. पुढे १ ते १२. माझ्या लेखी त्याचा अर्थ पेण तालुका, धरमतर खाडीचा काठ, पावसाळा. शेजारच्या कप्प्यात एका ज्युनिअरचे प्रतिजैविकांचे डबे असायचे. तिच्या लेखी त्याच तीन अक्षरांचा अर्थ पेनिसिलिन.

"ताई, मला वाटलं माझ्याच जुन्या प्लेट्स आहेत, एक्स्पायर झालेल्या," ती रडवेली होऊन म्हणाली. तिला काय बोलणार? चूक माझी होती. तारीख नाही, ठिकाणाचं पूर्ण नाव नाही, फक्त तीन अक्षरं.

माझं काम डायटमवर आहे हे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे. नव्याने आलेल्यांसाठी सांगते. डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल, काचेच्या डबीत राहणारं. त्याच्या पेशीभोवतीचं कवच सिलिकाचं असतं, आणि त्या कवचावरच्या रेघा-ठिपक्यांवरून जात ओळखता येते. खाडीतल्या चिखलाच्या वरच्या पातळ थरात ते असतात आणि पाण्याचा खारेपणा बदलला की त्यांच्यातल्या जातींचं प्रमाण बदलतं. मी पेणकडची धरमतर खाडी आणि रोह्याची कुंडलिका अशा दोन ठिकाणांची तुलना करते. पावसाळ्यातले पेणचे नमुने नाहीत म्हणजे तुलनेची एक बाजूच नाही. आणि पावसाळा काही मागवून येत नाही. मार्चमध्ये गेलेला जुलै परत मिळायला पुढचा जुलैच लागतो. फेलोशिपचा हप्ता मात्र कॅलेंडरप्रमाणे संपत जातो.

रोह्याचा डबा वाचला, पण त्याचीही गंमत आहे. त्यावर आर, ओ, एच एवढंच लिहिलं होतं. रसायनशास्त्राच्या एका मित्राने तो पाहून विचारलं होतं, "यात कुठलं अल्कोहोल आहे गं?" कारण त्यांच्याकडे आर-ओ-एच हे कुठल्याही अल्कोहोलचं सर्वसाधारण सूत्र. तेव्हा मी हसले होते. तेव्हाच शहाणी झाले असते तर!

पुढचे चार महिने खाडीवर जाऊन उपयोग नव्हता, म्हणून मी संदर्भ शोधायला बसले आणि पुन्हा त्याच शब्दात अडकले. पेण परिसरातले मासे आणि शैवाल यांवर कोणी काय लिहिलंय हे शोधायला 'पेन' आणि 'फिश' असे दोन शब्द टाकले, तर शेकडो शोधनिबंध आले आणि त्यातले जवळजवळ सगळे जाळीच्या कुंपणात मासे वाढवण्याबद्दल. 'पेन' आणि 'मरीन' टाकलं तर समुद्राच्या तळावरचे पिसासारखे प्राणी. 'पेन' आणि 'पॉलिमर' चुकून टाकलं गेलं, तर पॉलिइथिलीन नॅफ्थलेट नावाचं प्लास्टिक, ज्याचं लघुरूप पुन्हा तेच. तेव्हा ठरवलं की या शब्दाचा एकदा सोक्षमोक्ष लावू.

आधी एक फरक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एका शब्दाला अनेक अर्थ असतात ते दोन प्रकारे. कधी एकाच शब्दाचा अर्थ पसरत जातो. 'पान' बघा: झाडाचं पान, मग वहीचं पान, मग पंगतीतलं वाढलेलं पान. धागा एकच. पण 'वर'चं तसं नाही. छपरावर, लग्नातला वर आणि देवाने दिलेला वर यांतला पहिला 'उपरि'कडून आलेला आहे, बाकीचे दोन 'वृ' म्हणजे निवडणे या धातूकडचे. वेगवेगळ्या गावांहून आलेली माणसं एकाच नावाची निघावीत तसं. इंग्रजी 'पेन' हा या दुसऱ्या प्रकारातला आहे. म्हणूनच मोठ्या इंग्रजी कोशांत तो एकदा न छापता क्रमांक देऊन अनेकदा छापतात.

आपल्या खिशातलं पेन लॅटिनमधल्या 'पेन्ना'वरून, म्हणजे पीस. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. युरोपात शेकडो वर्षं हंसाच्या किंवा बदकाच्या कुळातल्या पक्ष्याचं मोठं पीस तासून लिहीत. ते तासायचा छोटा चाकू तो पेननाइफ. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखातलं पीस बरं पडायचं, कारण त्याचा बाक डोळ्यांपासून दूर वळतो. इटालियन हॉटेलातला पेन्ने पास्ताही त्याच घरचा: नळीची टोकं तासलेल्या लेखणीसारखी तिरकी कापलेली.

पण मला आवडलेला भाग याच्याही मागचा आहे. 'पेन्ना' आलं 'पेत्' या फार जुन्या धातूपासून, ज्याचा अर्थ उडणे, झेपावणे. हा धातू संस्कृतात 'पत्' म्हणून आहे. त्यावरून पतंग, पतन आणि 'पत्र'. संस्कृतात पत्र म्हणजे आधी पंख किंवा पीस, मग पान, मग पानावर लिहिलेला मजकूर. ग्रीकमध्ये याच धातूवरून 'प्तेरॉन' म्हणजे पंख, तो आज हेलिकॉप्टरच्या शेपटाला लागलेला आहे. आणि इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत मूळच्या 'प'चा 'फ' होतो: पिता-फादर, पाद-फूट. तसंच पत्र-फेदर. म्हणजे आजोबांनी पेनने पत्र लिहिलं, या वाक्यात दोन पिसं आहेत. एक हातात, एक कागदावर. घरावरचा पत्रा, जेवायची पत्रावळ, बिर्याणीतलं तमालपत्र हेही याच नात्यातले.

माझ्या सूक्ष्मदर्शकाखालीही हेच पीस आहे. डायटमचे ढोबळ दोन गट करतात, गोल सममितीचे आणि लांबट. लांबट गटाला 'पेनेट' म्हणतात, कारण मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या रेघा असतात. 'पिन्युलारिया' नावाच्या वंशाच्या नावाचाच अर्थ छोटं पीस. समुद्रतळावरचे ते पिसासारखे प्राणी, 'सी पेन', हे प्रवाळांचे नातेवाईक. आणि ज्यांनी माकुल घरी साफ केली आहे त्यांनी तर पेन हातात धरलेलं आहे. आई माकुलीच्या पाठीतून ती पारदर्शक, प्लास्टिकसारखी पट्टी ओढून काढते ना? तिला प्राणीशास्त्रात 'पेन'च म्हणतात. तो तिच्या पूर्वजांच्या शिंपल्याचा उरलेला अवशेष. शिवाय तिच्याकडे शाईची पिशवीही असते. लिहिण्याचं सगळं सामान घेऊन फिरणारा प्राणी आपण तिखटात परतून खातो.

आता माझ्या नुकसानीकडे वळू. पेनिसिलिनमधलं 'पेन' हे पीस नाही. हे कळल्यावर मला उगीचच राग आला, म्हणजे ज्या शब्दाने माझे नमुने घालवले तो शब्द पेन नव्हताच. लॅटिनमध्ये 'पेनिसिलस' म्हणजे छोटी शेपटी, त्यावरून रंगाचा कुंचला. १८०९ मध्ये लिंक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एका बुरशीला 'पेनिसिलियम' नाव दिलं, कारण तिच्या बीजाणूंच्या माळा कुंचल्याच्या केसांसारख्या दिसतात. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला त्याच बुरशीभोवती जिवाणू मरताना दिसले आणि त्याने त्या द्रव्याला पेनिसिलिन म्हटलं. 'पेन्सिल' हा शब्दही याच शेपटीवरून आलेला आहे, पिसाशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत आधी पेन्सिल म्हणजे चित्रकाराचा बारीक कुंचला असाच अर्थ होता, शिशाची कांडी नंतर आली.

या जुन्या अर्थाने पाहिलं तर पेणमध्ये पेनपेक्षा पेन्सिली जास्त. पेण शहरात, हमरापूर आणि जोहे गावांत गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. मूर्ती घडवणं एक आणि डोळ्यांची आखणी दुसरी. आखणी प्रत्येकाला जमत नाही. एक बारीक कुंचला, श्वास धरून मारलेली एक रेघ, आणि मातीचा गोळा तुमच्याकडे बघायला लागतो. मी नमुने घेऊन परतताना तिथे थांबते. एकदा आखणी करणाऱ्या काकांना विचारलं, इतकी बारीक रेघ न थरथरता कशी येते? ते म्हणाले, "बाय, रेघ मारताना बोलायचं नाय आणि मारून झाल्यावर परत बघायचं नाय." सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बनवताना मी पहिला अर्धा भाग पाळते. दुसरा अजून जमलेला नाही.

दुसरं 'पेन' कुंपणाचं. जुन्या इंग्रजीत 'पेन्न' म्हणजे मेंढरं, डुकरं कोंडायची जागा. आपला कोंडवाडा, धनगरांचा मेंढ्यांचा वाडा, कोंबड्यांचं खुराडं, सगळ्याला एकच शब्द चालतो. दाबून ठेवलेल्या रागाला इंग्रजीत जो 'पेंट-अप' शब्द आहे तो यातलाच, कोंडलेला राग. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांसाठी काँक्रीटचे जे प्रचंड गोठे बांधले, त्यांनाही पेनच म्हणतात. जमैकात हा शब्द गुरं पाळायच्या मळ्यांना लागला आणि 'मे पेन' नावाचं तिथलं एक मोठं शहर आजही आहे.

मत्स्यशेतीतलं 'पेन' हेच. तळ नैसर्गिक ठेवून फक्त बाजूंनी जाळी किंवा कुड घातलं तर ते पेन, तळालाही जाळी असली तर तो केज. मला मिळालेले ते शेकडो शोधनिबंध यावरचे होते. पेणच्या खारेपाटात जिताडा वाढवतात, पण तळ्यांत. म्हणजे पेणमधला जिताडा हा 'पेन कल्चर'चा मासा नव्हे! हे वाक्य इंग्रजीत लिहायचा प्रयत्न करून बघा, मला दोन संध्याकाळी लागल्या. आणि खरं तर अख्खा खारेपाटच एक मोठं कुंपण आहे. खारबंदिस्तीचे बांध घालून समुद्राचं पाणी बाहेर अडवलंय म्हणून आत भात पिकतो. बांध फुटला की शेताची खाजण व्हायला वेळ लागत नाही, आणि माझे डायटम लगेच आत येतात. तिथल्या शेतकऱ्याला कुंपण हा शब्द कोशात बघावा लागत नाही.

अमेरिकन बोलीत तुरुंगालाही 'पेन' म्हणतात. ते 'पेनिटेन्शरी'चं लघुरूप, मूळ अर्थ पश्चात्ताप करायची जागा. कुंपणवाल्या पेनशी अर्थ इतका जुळतो की बोलणाऱ्यांना दोन्ही एकच वाटत असणार. इथे पेण तालुक्याचीच एक गोष्ट आठवते. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत, आणि ते बोलणं तिथेच कैदेत असलेले साने गुरुजी भरभर उतरवून घेत. तीच 'गीता प्रवचने'. म्हणजे पेणचा माणूस, एका पेनमध्ये, दुसऱ्याच्या पेनने. हा विनोद इंग्रजीत जमेल, मराठीत ण आडवा येतो. (रोह्याच्या बाजूनेही सांगायला आहे: मूळ रोह्याच्या घराण्यातले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या पेनची सही देशभरच्या नोटांवर फिरली.)

तिसरं 'पेन' इंग्रजांच्याही आधीचं. वेल्श आणि कॉर्निश या केल्टिक भाषांत 'पेन' म्हणजे डोकं, टोक, डोंगरमाथा. पेन्झन्स, पेम्ब्रोक ही गावं त्यातली. उत्तर इंग्लंडात पेंडल हिल नावाचा डोंगर आहे. आधी केल्टिक लोकांनी त्याला नुसतं 'पेन' म्हटलं, म्हणजे डोंगर. पुढे आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना ते विशेषनाम वाटलं, म्हणून त्यांनी आपला 'हिल' जोडला. दोन्ही घासून 'पेंडल' झालं, तेव्हा अर्थ विसरून पुन्हा 'हिल' जोडला. डोंगर-डोंगर-डोंगर. हसू नका, आपणही भूगोलाच्या पेपरात 'सह्याद्री पर्वत' लिहितो आणि अद्री म्हणजे पर्वतच.

पेंग्विन हे नाव याच 'पेन'वरून आलं असं एक मत आहे: वेल्शमध्ये 'पेन ग्विन' म्हणजे पांढरं डोकं. दुसरं मत लॅटिनमधल्या 'लठ्ठ' अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतं. दोन्हींत एक गोष्ट पक्की. हे नाव आधी दक्षिणेकडच्या पेंग्विनचं नव्हतं, उत्तर अटलांटिकमधल्या ग्रेट ऑक नावाच्या न उडणाऱ्या पक्ष्याचं होतं. माणसांनी मांस, तेल आणि पिसांसाठी त्याची इतकी शिकार केली की १८४४ नंतर तो उरलाच नाही. नाव मात्र दुसऱ्या पक्ष्याला चिकटून जिवंत राहिलं. त्या नामशेष पक्ष्याचं शास्त्रीय नाव 'पिंग्विनस इम्पेनिस'. इम्पेनिस म्हणजे उडायची पिसं नसलेला, पुन्हा आपलं 'पेन्ना'. या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबले होते. माझे बारा नमुने पुढच्या पावसात परत मिळणार होते.

हंसाच्या मादीलाही इंग्रजीत पेन म्हणतात, नराला कॉब. हे कुठून आलं ते कोशकारांनाही ठाऊक नाही. लेखकांची 'पेन' ही संघटना १९२१ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली, तिचं नाव कवी, निबंधकार आणि कादंबरीकार यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. तिचं भारतीय केंद्र सोफिया वाडिया यांनी मुंबईत काढलं. आणि विमानतळांच्या यादीत ही तीन अक्षरं मलेशियातल्या पेनांगची. पेनांग मलय भाषेतल्या 'पिनांग'वरून, म्हणजे सुपारी. सुपारीचं बेट! श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवाल्या जिल्ह्यात राहून हे मला तिशी जवळ आल्यावर कळावं?

हे सगळं इंग्रजीचं झालं. आपल्याकडे लेखणीसाठी जो शब्द होता, 'कलम', तो कमी नाही. ग्रीकमध्ये 'कालामोस' म्हणजे बोरू, वेत. तो अरबीत 'कलम' होऊन फारसीमार्फत मराठीत आला. बोरू तासून लिहायचा, म्हणून कलम म्हणजे लेखणी. लिहिलेला कायद्याचा भाग ते कलम. तासणं-कापणं यावरून शिर कलम करणं. आणि कोकणात कलम म्हटलं की आधी आंबाच. तासलेल्या बोरूसारखी तिरकी कापलेली फांदी दुसऱ्या झाडावर बसवायची, ते कलम. आता इंग्रजीत कलम करण्याला काय म्हणतात? 'ग्राफ्ट'. हा शब्द ग्रीकमधल्या 'ग्राफिऑन'वरून आला, आणि त्याचा अर्थ मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी. दोन भाषा, दोन वेगळे शब्द, आणि दोन्हीकडच्या माळ्याला कापलेली फांदी पाहून लेखणीच आठवली. पूर्ण शोधात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. माझ्या गाईडना सांगितली तर ते म्हणाले, "छान आहे, पण प्रकरण तीन कुठे आहे?"

आणि शेवटी आपलं पेण. जुन्या मराठीत 'पेणें' असा शब्द आहे, अर्थ प्रवासातला टप्पा, मुक्काम. पेण गावाची जागा बघता हे जुळवायचा मोह होतो: एका बाजूला धरमतरची खाडी, दुसरीकडे खोपोलीमार्गे बोरघाटाकडे जाणारी वाट, मधे गाव. पण मी वर 'वर' या शब्दाचं उदाहरण दिलं ते याचसाठी. नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. पेंग्विनचं प्रकरण दोनशे वर्षं वाद घालूनही सुटलेलं नाही, तर मी एका उन्हाळ्यात गावाच्या नावाचा निकाल लावू नये हे बरं.

गंमत अशी की मराठीत हा घोळच नाही. पेण आणि पेन यांत न-णचा फरक लहान पोरालाही ऐकू येतो. आम्ही रोह्याचे लोक गाडीत "पेण आलं का?" विचारतो तेव्हा कोणी खिशात हात घालत नाही. रोमन लिपीत ण ला जागा नाही, तिथेच दोन्ही एक होतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ओहोटी साधून पुन्हा खाडीवर गेले. होडीवाल्या दादांनी बाटल्या धरल्या, मी चिखलाचा वरचा थर खरवडून भरला, ल्यूगॉलचे थेंब टाकले. बारा बाटल्या. या वेळी प्रत्येक बाटलीवर तारीख, भरती-ओहोटीची वेळ, अक्षांश-रेखांश आणि देवनागरीत 'पेण, रायगड', ण जरा मोठा काढून. दादा ते बघत होते. म्हणाले, "ताई, इतकं लिहिलंत, ही शाई पाण्यात टिकंल ना?"

टिकली नाही. लेबलांवर सेलोटेप लावायची राहिली होती. बाटल्या बर्फात ठेवल्या आणि वडखळ येईपर्यंत पाच नावं पुसट झाली. तिथल्या टपरीवर बसून पेन्सिलीने पुन्हा लिहिली. पेन्सिल पाण्याने जात नाही.